पेन चालू ठेवला

३ नोव्हेंबर, हैदराबाद

पार्सलच्या गोदामात दुपारची ड्युटी. पट्ट्यावर दिवाळीचा परत आलेला माल. सुपरवायझर नंबर ओरडतो, आपण 'ओके' ओरडायचं आणि पार्सल आपल्या पिंजऱ्यात टाकायचं. हात पोचला नाही तरी ओके म्हणायचं. सुटलेलं पायाजवळ सरकवायचं, पट्टा थांबला की टाकून द्यायचं. सगळे तसंच करतात. सोबत काम करणाऱ्या दुर्गेशनं पहिल्याच हप्त्यात शिकवलं.

गावाहून ताईचा फोन. करार कायद्याचा राहिलेला पेपर डिसेंबरात. मागच्या टायमाला कॉलेजनं दिलेला लेखनिक अर्ध्यातच हात दुखतो म्हणून बसला आणि ती नापास. आता पुन्हा राहिला तर वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत. या वेळी स्वतःच कॉम्प्युटरवर पेपर टाइप करायचा अर्ज देणार म्हणे. दिसत नसलं तरी टाइप ती भारी करते. लॅपटॉपमधली बाई तिला अक्षर अन् अक्षर बोलून दाखवते.

मी म्हटलं, "कायले अर्जाच्या मागं लागतेस? तिथलं कॉम्प्युटर बंद पडलं तर? मी येतो ना लिहाले."

"तू? तू जेवाले बसला तरी दोनदा उठतेस."

"बसतो म्हटलं ना."

"नववी नापास आहेस म्हणून चालशील. लेखनिक आपल्यापेक्षा कमी शिकलेला लागते."

माझी नववी नापास पहिल्यांदा कुठंतरी चालली. खूश झालो. पण खरं लिहायचं तर मला इथून निघायचं होतं. हे या वर्षातलं तिसरं काम, आणि याचाही कंटाळा येऊन राहिला.

१४ नोव्हेंबर

ताईनं लेखनिकाचा अर्ज दिला. कॉम्प्युटरवाल्याची मुदत गेली. म्हणजे आता मीच.

सुप.ला सुट्टी मागितली. आजी गेली म्हणून सांगितलं. आजी मी पाचवीत असताना गेली. दुर्गेश सालेकशाकडचा, त्याला आमच्या घरचं सगळं माहीत. म्हणाला, "अबे, दादी को चैन से मरने तो दे."

२७ नोव्हेंबर, घरी

गोंदियाहून एसटीनं गोरेगाव, तिथून बाबांच्या मोटारसायकलवर. धान कापून झालं, भारे बांधणं सुरू.

बाबा म्हणाले, "पहिले भारे उचल, मग वकिली कर."

आई त्यांच्यावरच घसरली, "त्याच्या हाताले काही झालं तर पेपर तुम्ही लिहान का?"

दोन भारे उचलले. मग हात दुखतो म्हणून बांधावर बसलो. आई खूश, बाबांनी उरलेले भारे एकट्यानं उचलले.

२९ नोव्हेंबर

घरापुढच्या छपरीत सराव. ताई बोलते, मी लिहितो. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल. असे शब्द कोण कुठं वापरते काय माहीत.

तिचं सगळं ठरलेलं आहे. आधी उदाहरणाचे प्रश्न, कारण त्यात मार्क पक्के. मोठं वर्णनाचं उत्तर शेवटी. प्रत्येक उत्तरात पहिले मुद्दा, मग कलम, मग कोर्टाचा दाखला, मग आपल्या प्रश्नातल्या माणसांचं काय ते, आणि शेवटी निष्कर्ष. कलमाखाली रेघ. "तपासणारा घाईत असते. त्याले रेघ दिसली पाहिजे आणि निष्कर्ष दिसला पाहिजे. निष्कर्ष नाही तर उत्तर लंगडं."

"आणि मी मागं राहिलो तर?"

"मी एक वाक्य बोलीन, मग तुझा पेन ऐकीन. पेन थांबला का पुढचं. सुटलं तर सांग, लाजू नको."

"दहादा विचारलं तर?"

"चिडीन. पण सांगीन."

मग एकच उत्तर मी हातानं लिहिलं आणि तिनं टाइप केलं. तिचं संपलं, तिनं उठून चहा मांडला, गाळला, मला आणून दिला, तरी मी कलमावरच. म्हटलं, "तुझ्या बोटांले माझा हात पुरत नाही." म्हणाली, "मले नको पुरू. पेपरले पूर."

५ डिसेंबर

आज सराव बुडवला. सकाळी मित्र आला, कोहमाऱ्याला ढाब्यावर जाऊ म्हणाला. तासात येतो सांगून गेलो. हायवेवर गाडी पळवली की बरं वाटते. यायला दिवस मावळला. ताई जेवणानंतर प्रश्न घेऊन छपरीत बसली ते तशीच बसून होती म्हणे, आई सांगत होती.

ताईनं विचारलं फक्त, "काय खाल्लं?"

"अंडाकरी."

"हात धू. पाचवा प्रश्न घेऊ."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर.

९ डिसेंबर

पेपर झाला. बरा गेला म्हणते ताई. घरी सगळे खूश. आईनं कोंबडी केली. मी जेवलो नाही, पोट दुखते सांगितलं.

११ डिसेंबर

लिहूनच टाकतो. डोक्यातून जात नाही.

वेगळी खोली दिली होती. आम्ही दोघं आणि पर्यवेक्षक मॅडम. आमच्यासारख्यांना वेळ जास्त असतो. सुरुवात झकास. ताई वाक्य बोले, मी लिहू, ती मान वाकडी करून पेन ऐके, मग पुढचं. दोन-तीन वेळा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. मग पुन्हा विचारलं. मग मॅडम म्हणाल्या, "अहो, नीट ऐका ना जरा." ताईच्या कपाळाला आठी आली. मला लाज वाटली.

ट्रॅक्टरचा प्रश्न आला. एकानं दुसऱ्याला जुना ट्रॅक्टर विकला आणि इंजिन बिघडलेलं सांगितलं नाही, तर करार टिकतो का. ताई रंगात आली होती. लांब वाक्य बोलली, निष्कर्षाचंच. तवा माझं ध्यान खिडकीबाहेर. बाहेर एक माणूस टायरमध्ये हवा भरत होता. काहीच नव्हतं पाहायसारखं. पायाला मुंग्या, बोटं आखडलेली, उठून बाहेर जावं असं झालेलं. पेन टेकवला तर वाक्याचं शेपूट फक्त हातात. बाकी गेलं.

विचारायचं होतं. तोंड उघडलंही. मॅडमनं मान वर केली.

मग मी पेन चालू ठेवला. वरच्या कलमाखालची रेघ होती, तिच्यावरूनच पेन नेला, आणला, नेला. वाक्याएवढा वेळ. ताई मान वाकडी करून ऐकत होती. मग थांबलो आणि म्हटलं, "ओके." पट्ट्यावरच्या आवाजात. जागा कोरी सोडली, सुटलेलं मागाहून टाकू म्हणून.

एकदा केल्यावर सोपं झालं. पुढच्या प्रश्नात दोनदा. मोठ्या उत्तरात किती वेळा, मोजलं नाही.

आणि वेळ उरला. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा पेपरात वेळ उरला. हसून राहिली होती ती. तेव्हा सांगता आलं असतं, जागा कोऱ्या होत्या, वेळ होता. ती म्हणाली, "ट्रॅक्टरचं वाचून दाखव."

मी वाचलं. जे लिहिलं होतं ते वाचलं आणि जिथं कोरं होतं तिथंही वाचलं. तिच्यासारखं बोलून पाहिलं, करार रद्द करता येतो, खरेदीदाराला भरपाई, असं काही. ती म्हणाली, "हां. बरोबर." जे वाचलं तेच लिहून टाकलं असतं तर. पण वाचताना कोरी जागा पेननं भरली तर तिला ऐकू गेलं असतं की आता लिहून राहिला. मॅडम आल्या, पेपर घेऊन गेल्या.

१३ डिसेंबर

गोरेगावच्या बाजारात बाबा भेटेल त्याला सांगून राहिले, "दोघा बहीणभावानं मिळून पेपर काढला." एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेतला आणि बोटं पाहिली. बाबांनी मला आलुबोंडे घेऊन दिले, लहान पोराला देतात तसे.

उद्या निघतो. सुट्टी आणखी होती. सुप.चा फोन आला म्हणून सांगितलं.

१६ डिसेंबर, हैद.

परत पट्टा. आज ओके म्हटलं नाही, जे सुटलं ते सुटलं म्हणून ओरडलो. सुप. म्हणाला, काय रे, आजीबरोबर डोकंही गेलं का. दुर्गेश विचारतो, झालं काय तिथं. सांगितलं नाही.

६ जानेवारी

ताईचा फोन. आवाज मोकळा. निकाल यायला अजून बराच वेळ आहे. पण उन्हाळी परीक्षेचे फॉर्म सुरू झाले, ते निकालाच्या आधीच भरावे लागतात.

"या वेळी कॉम्प्युटरचा देत नाही अर्ज," म्हणाली.

"काऊन?"

"कायले देऊ? तुझ्यासंगं वेळ उरला माझा. माझ्या मैत्रिणीले सांगितलं, माझा भाऊ बोलल्याबरोबर लिहिते. ती म्हणे, आम्हाले पण दे."

"अर्ज देऊन ठेव ना."

"दोन्ही नाही देता येत, बाप्पा. एकच काहीतरी."

शनिवारपर्यंत मुदत आहे म्हणे. मी म्हटलं, बघू, सुट्टीचं पक्कं नाही. ती म्हणाली, आजीसारखं आणखी कोणाले मारशील. हसली.

८ जानेवारी

काय करू. नाही सांगितलं तर ती पुन्हा माझ्या भरवशावर बसते. सुट्टी नाही म्हणून सांगितलं तर ती अर्ज देते आणि काही कळत नाही. हे बरं आहे. हे बरं आहे असं दिवसभर.

पण मग निकाल येईल. नापास झाली तर तिला वाटेल, तिच्या सांगण्यातच चूक होती. तेच उत्तर घोकत बसेल, सुधारत बसेल, जे तिनं बरोबरच सांगितलं होतं.

दुर्गेशला सांगितलं शेवटी. तो ऐकून म्हणाला, "पास हो गई तो?"

हे मी धरलंच नव्हतं. पास झाली तर कधीच सांगावं लागणार नाही. जरा वेळ तर लय बरं वाटलं. मग स्वतःचीच किळस.

९ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत फोन लावला, गोदामाच्या मागं, ट्रक उभे राहतात तिथं.

"ताई, मी सगळं लिहिलं नाही."

"काय सगळं?"

"पेपर. मधात मधात सुटलं. मी पेन फिरवत राहिलो नुसता."

मी बोलत सुटलो. ट्रॅक्टर, कोरी जागा, वाचून दाखवलं ते. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मला पुन्हा बोलावं लागलं ते वाक्य. दोनदा सांगावं लागलं.

ती म्हणाली, "वाचलं ते तर पूर्ण होतं."

"ते तोंडचं होतं."

"तोंडचं," म्हणाली. मग फोन बंद.

१० जानेवारी

आईचा फोन. "तू काय बोलला तिले? लॅपटॉप उघडून बसली आहे, जेवत नाही, बोलत नाही. तुमचं भांडण झालं का?" मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, मग कोणाचं झालं?

ताईला फोन लावला. उचलला नाही.

११ जानेवारी, शनिवार

दुपारी तिचाच फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"पहिल्या प्रश्नापासून सांग. जे कागदावर आहे ते. जे नाही तिथं नाही म्हण."

"आता आठवत नाही एवढं."

"आठव."

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. माझ्यापेक्षा ती पुढं. मी थांबलो की तिची बोटंही थांबत. ट्रॅक्टरच्या प्रश्नात मुद्दा होता, कलम होतं, रेघ होती. निष्कर्षाशी आलो आणि म्हटलं, "इथं नाही." तिनं टाइप केलं काहीतरी, छोटंसं. "पुढं." मोठ्या उत्तरात चार वेळा नाही म्हणावं लागलं, आज मोजलं. एका जागी मला वाटलं होतं कोरं आहे, पण तिनं आपलं वाक्य बोलून दाखवलं तसं आठवलं, ते मी लिहिलं होतं. लिहिलं होतं म्हणालो तर म्हणाली, "पक्कं? का पुन्हा तोंडचं?"

"पक्कं."

"शपथ नको घेऊ. पुढं सांग."

संपल्यावर ती मार्क धरत बसली, तोंडातल्या तोंडात. मी विचारलं, "निघते का?"

"पाच-सात मार्कांचा खेळ आहे. तपासणाऱ्याच्या मूडवर आहे. कॉलेजात सांगून उपयोग नाही, म्हणतील लेखनिक तुमचाच होता."

"ताई, मी..."

"राहू दे. तू सॉरी म्हटल्यावर मले बरं म्हणावं लागते. आज नाही म्हणत."

मग म्हणाली, अर्ज सकाळीच दिला, कॉम्प्युटरचा. बाबा घेऊन गेले होते. बाबांना कारण सांगितलं नाही, नुसतं आता टाइपच करते म्हटलं. बाबांनी माझं विचारलं म्हणे, मग सिद्धूचं काय? तिनं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

ठेवते म्हणाली. आणि ठेवता ठेवता, "उन्हाळ्यात सुट्टी मिळते का तुले?"

"आता कायले? तू तर स्वतः टाइप करशील."

"मिळते का ते विचारून ठेव."

संध्याकाळी सुप.समोर जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, किसलिए चाहिए? मला सांगता आलं नाही. कोणालाही मारलं नाही या वेळी. तो म्हणाला, पहले सोच के आ.