उन्हाळ्याच्या सुनेनं हिवाळा जिंकला

लेस्टरजवळचं घर,
पाडव्याच्या आधीचा रविवार

ती. सौ. सीमावन्संच्या पायांवर मालनचं डोकं. (खरं डोकं ठेवायचं तर विमानात बसावं लागेल, म्हणून तूर्त कागदावर.) तुमचा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला, की अजून रात्री सगळी गल्ली जागी करतात? आम्ही ठणठणीत. तुमचे बंधू रोज बसच्या डेपोत जातात आणि ग्रीसचे हात घेऊन येतात, मी फरसाणाच्या कारखान्यात पुड्या भरते. माझी शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा अक्षर लागलं नाही तर चष्मा पुसा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. तुमची सवय मला माहीत आहे, अर्धं वाचून फोन लावता. या वेळी फोन करायचा नाही. का, ते खाली येईल.

आता मुद्द्याचं. गेली कित्येक वर्षं या घरात मी उन्हाळ्याची सून आहे. आई इथं राहायला आल्या तेव्हापासून रीतच पडली, की ऊन पडलं की त्यांना माझ्याकडे आणून सोडायचं आणि थंडी पडली की मिलिंदभावजींनी गाडी घेऊन यायचं, आपल्या घरी हॅरोला न्यायचं. म्हणजे दिवाळी धाकट्या जावेकडे, देवयानीकडे, संक्रांत देवयानीकडे, आणि माझ्या वाट्याला काय, तर पापड वाळवणं. (तेसुद्धा इथल्या उन्हात वाळत नाहीत.) थोरली सून मी! पण आमच्या खेड्यात गॅसची लाईन नाही. घरात ते विटा भरलेले विजेचे हीटर. रात्रीची वीज खाऊन पहाटे तापायचे, आम्ही कामावर गेलो की दिवसभर भिंतींना ऊब द्यायचे आणि संध्याकाळी आम्ही दारात पाऊल टाकलं की गार पडायचे. गेल्या दिवाळीत देवयानी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "मालनताईंकडे हिवाळ्यात नको गं बाई, आई गारठून जातील." आणि वन्सं, तुम्ही फोनवर काय म्हणालात? "खरंच आहे तिचं." मी ऐकलं. स्पीकर चालू होता.

त्याच पंगतीत मी बोलले, की संक्रांतीला आईंना घेऊन माझ्याकडे या आणि एक रात्र राहा. आई म्हणाल्या गार आहे, तर या विषयावर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तुमच्या बंधूंच्या हातातली करंजी तिथंच थांबली.

देवयानीकडे हीट पंप आहे. मागच्या अंगणात मोठ्या पंख्याचं एक खोकं. ते म्हणे बाहेरच्या गार हवेतून ऊब काढून घरात सोडतं. (गार हवेत ऊब असती तर आपण स्वेटर कशाला घातले असते, असं मी विचारलं, तर भावजींनी मला उलटा चालणारा फ्रीज समजावून सांगितला. मला अजून सुलटा कळलेला नाही.) खोटं कशाला बोलू, घर चोवीस तास सारखं असतं, जिन्यातसुद्धा. पण रेडिएटरला हात लावला तर ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखा लागतो. आई त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसायच्या आणि हळूच म्हणायच्या, "अजून पेटवलं नाही वाटतं." हे मी पाहिलं होतं आणि मनात ठेवलं होतं.

तुमच्या बंधूंनाही पंपच हवा होता, धाकट्या भावाकडे आहे ना! एक माणूस मोजायला आला. भिंती ठोकल्या, माळ्यावर चढला, आणि म्हणाला, आधी भिंतींत कापूस भरा, पाइप बदला, रेडिएटर मोठे घाला, मग पंप. मी म्हटलं, एवढं केल्यावर पंप तरी कशाला? त्याला चहा पाजला आणि दार दाखवलं. तेलाचा बॉयलर म्हणावा, तर मिरच्यांच्या वाफ्याशेजारी रॉकेलच्या वासाची टाकी मला नको. तेवढ्यात शेजारच्या मार्गारेटबाईंकडे ती दिसली. (या बाई घोडे पाळतात. घोड्यांशी बोलतात तेवढं माणसांशी बोलत नाहीत, म्हणून आमचं पटतं.) त्यांच्या खोलीत काचेच्या दाराची एक लोखंडी शेगडी, आत लखलखीत जाळ, आणि वरून ओतायचं काय, तर भुशाच्या दाबून केलेल्या बोटभर गोळ्या. पेलेट म्हणतात. मी म्हटलं, अरे, ही तर आपली भुशाची शेगडी! नुसती विलायतेला येऊन काच लावून बसली आहे. घरी जाऊन तुमच्या बंधूंना सांगितलं, हीच. त्यांनी तीन दिवस विचार केला. मी तोवर बसवणारा बोलावून भिंतीला भोक पाडून घेतलं होतं.

आता जे झालं ते कुणाला सांगू नका. शेगडी बसली, पण गोळ्यांची गाडी आली नव्हती आणि मला दम कुठला. मार्गारेटबाई म्हणाल्या, शेडमधली एक पिशवी ने. मी नेली. पिशवीवर घोड्याचं चित्र होतं, पण त्यांच्याकडे चहाच्या कपावरसुद्धा घोडा असतो! ओतली, बटण दाबलं. अर्ध्या तासात घरभर जळक्या काकवीचा वास, काच काळी, आणि शेगडी अशी कोकलायला लागली, जशी काही मी हिची सासूच आहे. ते घोड्याचं खाणं होतं, वन्सं. गूळ घालून केलेलं. बसवणारा परत आला आणि दोन तास छिन्नीनं चिक्की खरवडत बसला. जाताना इंग्रजीत बरंच काही सांगून गेला. मी "येस, येस" म्हटलं, कारण कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. त्यात एक वाक्य ऐकायला पाहिजे होतं, ते संक्रांतीला कळलं.

संक्रांतीला सगळे आले. भावजी, देवयानी, त्यांची ईशिता आणि शाल गुंडाळलेल्या आई. शेगडी भडभड पेटलेली. आईंनी खुर्ची पुढं ओढली, तळवे शेकले, गुडघे शेकले, मग वळून पाठ शेकली. आणि सुस्कारा असा टाकला की मी लगेच देवयानीकडे बघितलं. ती फोनवर वारा किती जोरात आहे ते बघत होती. आणि तो आलाच. दुपारी असं वादळ सुटलं की वळणावरचं झाड आडवं, तारा तुटल्या, गावाची वीज गेली. आणि माझी शेगडी मान टाकून विझली! गोळ्या पुढं ढकलणारा आतला दांडा आणि पंखा विजेवर चालतो, हेच ते वाक्य होतं. चूलही विजेची, म्हणजे चहासुद्धा नाही. रस्ता बंद, म्हणजे हॅरोही नाही. देवयानी गोड आवाजात म्हणाली, "अय्या ताई, याला पण वीज लागते?" तुमचे बंधू बूट बघत होते. मला वाटलं, संपलं. आता मी मरेपर्यंत पापडच वाळवणार.

तेव्हा तीन पांघरुणांच्या आतून आईंचा आवाज आला, "मालन, तेलाचा रिकामा डबा आहे का गं घरात?" वन्सं, मी उडीच मारली. डबा होता. मार्गारेटबाईंच्या तबेल्यातून घोड्यांखाली पसरायचा कोरडा भुसा आणला. (या वेळी वास घेऊन.) तुमच्या बंधूंनी डब्याला खाली भोक पाडलं, मी मधोमध लाटणं उभं धरलं आणि भोवती भुसा भरायला लागले. आई मागच्या ओसरीत खुर्ची टाकून बसल्या, कानटोपी घालून, आणि सुरू झाल्या, "दाब. अजून दाब. हातात जीव नाही का? कारखान्यात काय नुसती फुंकर घालतेस पुड्यांवर?" लाटणं अलगद काढलं, खालच्या भोकात तुपाची चिंधी पेटवून सारली, आणि बघता बघता मधल्या विहिरीतून जाळ वर आला. सगळं उघड्या अंगणात बरं का, भिंतीच्या आडोशाला. घरात पेटवली असती तर तुम्हाला हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. चहा झाला, भात झाला, आणि मार्गारेटबाई गावातल्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन आल्या, त्यांना तिळगूळ दिला. ईशिता आजीला चिकटून म्हणाली, "आजी, ही धूर माझी डोळ्यात जातो, पण मला खूप आवडली." देवयानी त्या डब्यापासून हातभर हलली नाही. हात शेकताना मी तिचा फोटो काढून ठेवला आहे.

काळोख पडल्यावर वीज आली आणि आतली शेगडी आपली आपण पेटली, म्हणजे तीही जिंकली. दुसऱ्या दिवशी भावजींनी गाडी काढली, तर आई खुर्चीतून उठेनात. म्हणाल्या, "तुझ्याकडे ऊब आहे रे, पण जाळ नाही. मी इथंच बरी." वन्सं, मी आत गेले, पदर तोंडात धरला आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले. आता मी बारमाही सून आहे. चार लोकांत सांगा. आणि "खरंच आहे तिचं" हे आता माझ्याबद्दल म्हणा, मी स्पीकर लावते.

दाजींना नमस्कार, लेकरांना पापे, आणि तुम्ही मोठ्या आहात म्हणून तुम्हाला पुन्हा एकदा वाकून.

तुमची थोरली भावजय,
मालन

ता. क. : फोन का नको, ते. शेगडी एकच खोली तापवते. त्या खोलीत आई, आणि फोनही तिथंच, म्हणजे बोललेलं सगळं त्यांच्या कानावर. मी हे स्वयंपाकघरात कोट आणि कानटोपी घालून लिहिते आहे. शेगडीचा रिमोट आईंच्या बटव्यात असतो, आणि बाहेर झाडांना फुलं आली तरी आत वैशाख महिना. त्या म्हाताऱ्या रोज दुपारी येतात. आई मराठीत बोलतात, त्या इंग्रजीत बोलतात, आणि मधेच सगळ्या माझ्याकडे बघून माना हलवतात. त्या खुर्चीतून माझा ओटा नीट दिसतो. मीठ माझ्या चिमटीत असतानाच "जास्त झालं" म्हणून आरोळी येते. देवयानीला म्हटलं, आता उन्हाळा तू घे. तर म्हणते, "ताई, तुम्हीच जिंकलात ना?" तेव्हा वन्सं, तुम्हाला गुडघा आहे. तो जरा जास्त दुखू द्या आणि मे महिन्यात आईंना तुमच्याकडे मिरजेला बोलावून घ्या. मे महिन्यात मिरजेत तरी शेगडी मागणार नाहीत. मी लिहिलं म्हणून सांगू नका.

आणखी ता. क. : पाकीट डकवायच्या आधी आईंनी पत्र वाचून दाखवायला लावलं. मी नावापर्यंत वाचलं आणि घडी घातली. आईंना अक्षर दिसत नाही, पण कागद दिसतो. म्हणाल्या, "खाली अजून आहे ते वाच." वाचलं. आईंनी बटवा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "सीमाला लिही, मेमध्ये येते. पण मी आणि मालन, दोघी येऊ. बापाच्या वर्षश्राद्धानंतर हिनं माहेरचं दार बघितलेलं नाही, ते एवढ्या लांब पत्रात कुठं लिहिलंय हिनं?" मग बटवा उघडून रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कोट काढ आता, आणि आत येऊन बस."

तेव्हा वन्सं, आता फोन केलात तरी चालेल.