समुद्रफुलाच्या निळ्या पेशी

अहो,

काल आपली सुनंदा डॉक्टर झाली. एसटीडी बूथवरून सगळ्यांना फोन करून झाले, तुम्हालाच सांगायचं राहिलं. म्हणून आज रानातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

तुमचं चुकलंच बरं का. ती समुद्रातल्या प्राण्यांवर अभ्यास करते म्हटल्यावर तुम्ही गावभर सांगितलंत, "पोरगी मासळी खात्यात सायेब हुणार." तुमच्यामागं त्याची उत्तरं मला द्यावी लागली.

तेराव्यानंतर भावजी म्हणाले, "वैनी, पोरीला माघारी बोलवा. लगीन उरकू." मी म्हटलं, शिक्षण पुरं होऊ दे. तर म्हणाले, "ती काय शिकती, तुमाला तरी सांगता येतंय का?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत? मासळी!

त्या दिवसापासून वाचायला घेतलं. आधी सुनंदाची शाळेची पुस्तकं, मग तिनं पुण्याहून पाठवलेली. एकेक पान दहादा वाचायची, अडलं की पत्रातून विचारायची. समुद्रफूल म्हणजे खडकाला चिकटून राहणारा प्राणी. त्याला मेंदू नाही, तरी अंगभर मज्जातंतूंचं जाळं. काही पेशी स्पर्श ओळखतात, काही अंग आक्रसायला सांगतात. जनुकं मात्र सगळ्या पेशींत तीच. मग कुणी काय व्हायचं, हे ठरवतं कोण?

उसाची लागण करताना उलगडलं. हातातल्या कांडीला एक डोळा होता आणि भोवती मुळ्यांचे ठिपके. बियाणं एकच, तरी डोळ्यातून कोंब येतो, ठिपक्यांतून मुळ्या. म्हणजे कुठं कोणतं जनुक जागं होतं, त्यावर सगळं. तसं लिहून विचारलं. उलट टपाली उत्तर आलं, "आई, बरोबर." ते पत्र चार दिवस कमरेच्या पिशवीत घेऊन फिरले.

काल पुण्यात तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती, सगळ्यांसमोर. पडद्यावर समुद्रफुलाचं पिल्लू दिसलं, अंगात निळे ठिपके. भावजी शेजारीच होते. कुजबुजले, "हे काय वो?"

मी सांगितलं, "जनुक जागं झालं की पेशी निळी दिसते, असं रसायन लावलंय. आता ती साधीच आहे, पण पुढं तिचीच मज्जापेशी होणार. आपल्या पोरीनं ते आधी ओळखलं."

"म्हंजी कोंब फुटायच्या आधीच डोळा वळखला!"

शेवटी परीक्षकांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? मी उभी राहिले. "मज्जापेशी व्हायला निघालेली पेशी माघारी फिरू शकते का?"

सुनंदा म्हणाली, "अजून माहीत नाही. पुढं तेच शोधायचंय." परीक्षकांनी हातातला कागद दाखवला. हाच प्रश्न त्यांनीही लिहून आणला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक कबूल करते. भावजींच्या आधी मीच तिला म्हटलं होतं, "राहू दे ते शिक्षण, माझ्याजवळ राहा." तिनं ऐकलं नाही, म्हणून बरं.

परतीच्या एसटीत कऱ्हाड आल्यावर भावजी म्हणाले, "आमची मंगल यंदा धाव्वीला हाय. तिला तुमी शिकिवशीला?"

"तिचं तर लग्न बघताय ना?"

"थांबंल ते."

मंगल उद्यापासून येणार आहे. तिला हवं ते, हवं तितकं शिकू दे. मध्ये कुणी आलं तर मी उभी राहीन. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
वत्सला