म्हातारीची गाठ

सिग्वार्ट,

माशाचं कालवण चुलीवर आहे, बटाटे तुझे तू उकड. मी दुपारच्या बोटीने मेरेटमावशीकडे चालले आहे. कधी येणार ते विचारायला तिथे फोन करू नकोस.

काल धक्क्यावर तू चारचौघांत म्हणालास, "जाळं गेलं ते हिच्यामुळे. आमच्या बहिणाबाईंनी म्हातारीची गाठ मारली होती!" भोंगळ गाठीला म्हातारीचं नाव देणारे तुम्ही सगळे दात काढून हसलात. मलाही वाटलं, चुकलं असेल आपलं.

आज सकाळी मासेमारीला गेलेल्या रेइदारला आपल्या जाळ्याचा बोया तरंगताना सापडला. त्याच्या दोराला दोन गाठी होत्या, आठवतंय ना? वरची माझी. ती जशीच्या तशी आहे, सुरीशिवाय सुटायची नाही. खाली बारीक दोर जाळ्याच्या जाड दोराला जोडायचा होता, ती गाठ तू मारलीस. ती सुटली, आणि सुटलेल्या टोकाच्या पिळात लाल लोकर अडकली आहे. दहादा सांगितलं होतं, हातमोजे काढून गाठ मार, बोटांना दोर कळू दे. पण साहेबांची बोटं गारठतात! ते मोजे मीच विणलेत, लोकर मी ओळखली. रेइदारनेही ओळखली.

ते टोक बोयासकट धक्क्यावरच्या दुकानाच्या दारात, खिळ्याला टांगलं आहे. तू आता तिकडे जाशीलच. बाहेर कडाक्याची थंडी आहे, लाल हातमोजे घालूनच जा.

ओड्नी