टिटवीच्या उड्या

दि. ९ नोव्हेंबर

चि. टिटवीस आजोबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहे. थंडी पडल्यापासून माझा गुडघा कुरकुरतो, तुझी आजी बारा महिने कुरकुरते, तेव्हा घरात शांतता अशी नाही, पण ठीक आहे. तुझा खांदा कसा आहे? त्या कुशीवर झोपत जाऊ नकोस. ऑफिसात खुर्चीला पाठ टेकून बस. जिना उतरताना कठडा धर. तू हसशील, पण धर.

पुन्हा घोड्यावर बसायचे की नाही, हे तू मला फोनवर विचारलेस, आणि मी सांगेन तसे करीन म्हणालीस. त्याचे उत्तर द्यायलाच बसलो आहे. ते पुढे येईल. आधी इकडची खबर सांगतो, नाहीतर राहून जाईल.

ढगोबा मजेत आहे. काम कमी झाल्यामुळे पोट सुटले आहे. परवा नालबंद आला होता. मला म्हणाला, "काका, घोडा जाड झालाय की तुम्ही बारीक झालाय?" मी म्हटले, "दोघं मिळून वजन तेवढंच आहे, तू नाल ठोक." ढगोबाने नेहमीप्रमाणे त्याच्या मागच्या खिशातला रुमाल ओढून काढला आणि चघळला. तुझे नाव घेतले की तो कान पुढे करतो असे मी तुला सांगितले होते, ते पूर्ण खरे नाही. बादलीचे नाव घेतले तरी करतो. तुला बरे वाटावे म्हणून म्हणालो होतो.

पागेच्या मास्तरांनी मैदानात नवी वाळू टाकली आहे. सगळीकडे टाकली, तिकडच्या कोपऱ्यातसुद्धा. आता पाऊस पडला तरी तिथे चिखल होणार नाही म्हणतात. असो.

गेल्या आठवड्यात गाद्यांच्या कंपनीचे साहेब पागेत येऊन गेले. बूट खराब होतील म्हणून आधी दारातूनच बोलत होते, मग ढगोबाने शिंकून त्यांचा कोट ओला केला, तेव्हा आत आले. माणूस वाईट नाही. तू अंथरुणाला होतीस तेव्हाही त्यांनी ढगोबाचा दाणागोटा थांबवला नाही, हे मी विसरणार नाही. त्यांचे म्हणणे असे, की तू हो म्हणालीस तर कंपनी पुढची दोन वर्षे पुन्हा तुझ्या पाठीशी उभी राहील. स्पर्धांची फी, गाडी, डॉक्टर, सगळे. नाही म्हणालीस तरी राग नाही. पण ढगोबा कंपनीचा, तो मग महिनाअखेर डॉक्टरीणबाईंच्या मुलीला द्यायचा. घोडा उभा ठेवून कुणाचे भले होत नाही, असे म्हणाले. यात खोटे काही नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही.

ती मुलगी सध्या त्याच्यावर सराव करते. चांगली आहे. हात हलका आहे. तुला राग येणार नसेल तर सांगतो, ढगोबा तिचे ऐकतो.

साहेब गेल्यावर मला ते पहिले वर्ष आठवत राहिले. त्याआधी तू मागून आणलेल्या घोड्यांवर बसायचीस. आज याचा लंगडा, उद्या त्याचा तापट. कुणाचा घोडा रिकामा आहे ते बघत मी पागेभर फिरायचो, आणि तू खोगीर डोक्यावर घेऊन माझ्यामागे. मग एक दिवस मास्तर धावत आले, "काका, गादीवाले तयार झाले!" आजी म्हणाली, "गादीवाले? पोर पडणार हे त्यांनी आधीच ओळखलं वाटतं."

आणि ते खोगिराखालचे कापड! निळ्या कापडावर हातभर अक्षरांत 'गाढ झोप' लिहिलेले. पहिल्याच स्पर्धेत तू फाटकातून आत गेलीस आणि मागून कुणीतरी ओरडले, "अहो, घोडा जागा आहे ना?" सगळा मांडव हसला. तुझे कान लाल झालेले मला पाठीमागून दिसले. त्या फेरीत तू अडथळ्यांचा एकही दांडा पाडला नाहीस. त्यानंतर त्यांचे हसणे बंद झाले आणि लोक तुला 'गाढ झोपवाली' म्हणूनच ओळखू लागले. तुझा तो चषक आजी अजून घासते. त्यात सध्या तिच्या शिवणाच्या सुया आहेत.

रविवारी तुला गाद्यांच्या दुकानात जाऊन बसावे लागायचे. करारात होते तसे. घोड्याच्या चित्रावर सह्या करायच्या. एकदा एका बाईने तुला विचारले, "ही कमरेला चांगली का?" आणि तू म्हणालीस, "मला नाही माहीत, मी सतरंजीवर झोपते." दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी येताना बसमध्ये आपण दोघे इतके हसलो, की कंडक्टर म्हणाला, "आजोबा, आम्हालाही सांगा."

आणि दुकानाच्या काचेवरचा तो फोटो. तुझा गुडघा माझ्या तळहातांवर, तू अर्धी वर, अर्धी खाली. आमच्या पागेची रीत ती, घोड्याच्या पाठीवर ओढ येऊ नये म्हणून स्वाराला खालून उचलून बसवायचे. एक, दोन आणि हप्. तुला दुसऱ्या कुणाचे उचललेले चालायचे नाही. तू वजनाला काहीच नव्हतीस. पुढे झालीस, पण मी बोललो नाही.

आता इथपर्यंत आलो आहे तर लिहितो. तुझी आई येऊन गेली. म्हणाली, "बाबा, तुम्ही हो म्हणालात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." तिचे चूक नाही. दवाखान्याच्या त्या बाकावर ती बसली होती तशी कुठली आई पुन्हा बसायला तयार होईल? दुसऱ्याच दिवशी मास्तर आले. "काका, हाड जुळलंय, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, अडतंय कुठे? ती तुमच्या शब्दावर अडून बसलीय." दोघांनाही मी चहा दिला आणि दोघांनाही म्हटले, बघू.

तू फोनवर म्हणालीस, "आजोबा, माझी एकूणएक उडी पाहिलेला माणूस तुमच्याशिवाय दुसरा कोण आहे?" मी लगेच फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. मीच ठेवला.

टिटवे, मी तुझ्या उड्या पाहिलेल्या नाहीत.

तू बोबड्या बोलात पोनीचे लाड करायचीस त्या वयात मी दोन बादल्यांवर बांबू आडवा ठेवून तुला पहिली उडी मारायला लावली. पोनी त्याच्याकडे निघाली आणि माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तू पलीकडे, टोपी वाकडी, दात काढून हसतेस. मला वाटले, चला, जमले. दुसऱ्या वेळी तसेच केले. तिसऱ्या वेळी तसेच. मग ते माझ्या डोक्यात बसले, की मी बघितले नाही की पोर नीट उतरते. येडपट समजूत आहे हे मलाही कळते. मी चौथीपर्यंत शिकलो असलो तरी एवढे कळते. पण चाललेले कशाला मोडा? तू एकेक दांडा वर चढवत गेलीस आणि मला ते मोडायचा धीर होईना. ते दांडे तर मीच लावायचो. किती उंच आहेत ते माझ्या छातीला ठाऊक होते.

फाटकाशी बादली घेऊन उभा राहायचो ते त्यासाठीच. तू आत गेलीस की मी बादलीत बघायचो. पण कान उघडे असायचे. टापा, टापा, मग एकदम काही नाही, मग धप्प, आणि पुन्हा टापा. त्या मधल्या काही-नाहीमध्ये मी श्वास धरायचो. दांडा पडला तर आवाज यायचाच. बाहेर आल्यावर मी म्हणायचो, "तिसऱ्याला घाई केलीस," आणि तू म्हणायचीस, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." मी घोड्याचा घाम पुसायला लागायचो.

आजीला हे पहिल्यापासून ठाऊक. ती वर मांडवात बसून तुला बघायची आणि माझी पाठ बघायची. घरी आल्यावर म्हणायची, "नात आभाळात, आणि हे बादलीत." पण तुला सांगितले नाही. ते तिचे मोठेपण.

आता त्या दिवसाचे. ते मी कुणालाच सांगितलेले नाही, आजीलाही नाही.

स्पर्धा आपल्याच मैदानात होती. कंपनीचा फोटोवाला माझ्यासमोर गुडघ्यावर बसला होता. म्हणाला, "काका, खाली काय बघताय? नातीकडे बघा. नातीला उडी मारताना बघणारे आजोबा, असा फोटो पाहिजे." मी दोनदा टाळले. तिसऱ्यांदा तो वैतागला. म्हटले, त्यांचे खातो, एवढे करावे. मान वर केली. तू कोपऱ्यातल्या अडथळ्यावर येत होतीस. ढगोबाचा मागचा पाय सरकला, मला सरकताना दिसला. पुढचे तुला माहीत आहे.

तिथे चिखल होता. मास्तर म्हणाले चिखल होता, पंचांनी लिहिले चिखल होता, मीही हाताने उकरून पाहिले, चिखलच होता. तरी टिटवे, रोज खरारा करताना मनात येते, की मी बघितले नसते तर.

म्हणजे तुझ्या सगळ्या उड्यांपैकी माझ्या डोळ्यांपुढे एकच आहे, आणि ती ती आहे. अशा माणसाला तू सल्ला विचारते आहेस. मी नको म्हणायचे ठरवले होते. दोनदा तसे पत्र लिहिले. फाडले. नको कोण म्हणतो आहे तेच मला कळेना, तुझा आजोबा की ती एक उडी.

मग मंगळवारी एक गोष्ट केली. सांगायची लाज वाटते. डॉक्टरीणबाईंची मुलगी ढगोबाला घेऊन मैदानात गेली तेव्हा मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि तिच्याकडे बघितले. परक्याच्या पोरीवर माझी समजूत तपासून बघितली. काही झाले असते तर मी कुठे तोंड लपवले असते? पण बघितले. टापा, टापा, आणि मग ते काही-नाही आले. त्यात एवढे काही असते हे मला ठाऊकच नव्हते! ढगोबा गुडघे छातीशी घेतो, मान लांब करतो, आणि तो जाडा, रुमाल खाणारा, शिंकरा घोडा क्षणभर वजनाचा राहतच नाही. आणि ती पोर त्याच्या मानेजवळ वाकून काहीतरी पुटपुटत होती. धप्प झाले. ती पुढे निघून गेली. काहीच झाले नाही, तिला काहीच झाले नाही.

मास्तर मागून म्हणाले, "काका, रडताय काय?" मी म्हटले, "वाळू गेली डोळ्यात. नवीन टाकलीय ना तुम्ही."

खरे तर मला रडू आले ते वेगळ्याच गोष्टीचे. मला वाटले, हे सगळे इतकी वर्षे माझ्यापासून हातभर अंतरावर चालले होते. लोक तिकीट काढून बघायला येत होते, आणि मी पाण्यात बघत होतो. तू हवेत काय करतेस? तूही त्याच्याशी बोलतेस का? ओठ आवळतेस का? आजीला विचारले तर म्हणाली, "मी नाही सांगणार. स्वतः बघा."

तेव्हा माझे उत्तर असे. मला तुला एकदा बघायचे आहे. हे शहाण्या माणसाचे उत्तर नाही, हावऱ्या म्हाताऱ्याचे आहे, म्हणून त्याला निम्मेच धर. साहेबांच्या कागदावर सही करायची की नाही ते मी सांगणार नाही, आता सांगूही नये. पण महिना संपायच्या आत एक दिवस ये. मास्तरांना सांगून दांडा सगळ्यात खालच्या खाचेत लावून घेतो, लहान मुलांचा असतो तेवढा. एकच मार. खाली उतरल्यावर तुझ्या पोटातले तू मला सांग, माझ्या पोटातले मी सांगतो, आणि मग निर्णय तू घे. भीती वाटली तर घरी जाऊन चहा पिऊ, ढगोबाला त्या पोरीच्या हाती देऊ, आणि त्यात कुणाचीही हार नाही.

तुझ्या आईला मी स्वतः सांगतो. ती बोलायची बंद होईल. होऊ दे, ते माझ्याकडे राहू दे. तू तिला सांगायला जाऊ नकोस.

मला भीती वाटते, ते लपवत नाही. हे लिहितानासुद्धा हाताला घाम आला आहे, अक्षर त्यामुळे असे आले आहे. नेहमीसारखे आजीकडून तपासून घेतलेले नाही, चुका तशाच आहेत. पण तू त्या दांड्याकडे निघालीस की मी मान खाली घालणार नाही. खोटे वाटले तर आजीला विचार, ती माझ्या शेजारीच उभी राहणार आहे, मला धरायला.

येताना खिडकीजवळ बसू नकोस, वारा लागतो.

तुला अजून न पाहिलेला,
तुझा आजोबा