मामाच्या व्हर्निअरमधला खळगा

तीर्थस्वरूप मामास,

नमस्कार. तुझा गुडघा आणि मामीचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील असं समजते. (पाकिटावर आदरार्थी नाव आहे आणि आत 'तू' आहे. पाकीट पोस्टमन वाचतो, पत्र तू वाचणार, म्हणून.) आधी ड्रॉइंग दाखव, मग गोष्ट सांग, असं तू नेहमी म्हणतोस. म्हणून आधी घडलं ते क्रमाने.

१. मागच्या महिन्यात एका सोमवारी मी त्रेचाळीस बटणं गिऱ्हाइकांना पाठवली.
२. शनिवारपर्यंत सगळी पोहोचली.
३. त्यातलं एकही बसलं नाही.
४. मी तीन दिवस प्रिंटरवर संशय घेतला.
५. दोष प्रिंटरचा नव्हता.
६. दोष तुझ्या व्हर्निअरचा होता. (पत्र खाली ठेवू नकोस. सातवा मुद्दा आहे.)
७. दोष माझाही होता, आणि जास्त होता.
८. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बदलून दिली. आता बसतात.
९. तू शब्द टाकून मिळवलेली नोकरी मी घेत नाही.

नववा मुद्दा फोनवर सांगता आला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच "थांब, थांब, मला सगळं कळलं" म्हणतोस आणि मग पुढचा अर्धा तास तुला काय कळलं ते मी ऐकते. पत्राला ती सोय नाही. शिवाय तू तुझ्या जुन्या साहेबांच्या घरी, दुखऱ्या गुडघ्याने दोन जिने चढून, भाचीसाठी बोलायला गेलास हे मला आईकडून कळलं आहे. जो जिने चढला त्याला कारण लेखी मिळायला हवं.

तर कारण. आमच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन तुला आठवत असेल. त्याचं वेळ लावायचं बटण चार वर्षांपूर्वी तुटलं आणि आत राहिली ती नुसती सहा मिलिमीटरची दांडी. कंपनी बंद झालेली, सुटा भाग मिळेना. मेकॅनिक म्हणाला, "ताई, अख्खं मशीनच बदला." आईने मशीन न बदलता वर एक पक्कड ठेवली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कपडे पक्कडीने धुतले जाऊ लागले. कॉलेजात मी गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढत होते आणि घरी आल्यावर आई म्हणत होती, "अगं, जरा पक्कड फिरव." शेवटी मी दांडी मोजली, बटण काढलं (कागदावर म्हणजे), आणि कॉलेजातल्या थ्रीडी प्रिंटरवर, प्लास्टिकचे थरावर थर चढवून, तिसऱ्या प्रयत्नात बसेल असं केलं. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे पण पक्कडच आहे गं." मग त्यांच्या बहिणीकडे निघाली, बहिणीच्या जावेकडे निघाली. किती घरांत मशीनवर पक्कड ठेवलेली असते याची तुला कल्पना नाही. लोक हे कुणाला सांगत नाहीत. माझं गिऱ्हाईक म्हणजे ही माणसं.

दुकान मी ऑनलाइन काढलं आणि ते एकटीने शिकले, हे थोडं अभिमानानेच लिहिते. ड्रॉइंग कॉलेजात शिकवलं. पण दुकानाचं पान कसं बांधायचं, काळ्या बटणाचा फोटो काळा दिसू नये म्हणून काय करायचं (आईची पांढरी उशी आणि दुपारी चारचं ऊन), "तुटलेल्या भागाचा फोटो पट्टीसह पाठवा" असं लिहिल्यावर लोक केसांना लावायच्या पट्टीसह फोटो का पाठवतात, खोक्यात वस्तू हलू नये पण उघडणाऱ्याला वैतागही येऊ नये इतपत ती कशी गुंडाळायची, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. मी लोकांचे व्हिडिओ पाहिले, चुकले, वहीत लिहिलं, पुन्हा केलं. वही आता तिसरी चालू आहे. स्वयंपाकघरामागची कोठीची खोली माझी आहे. डावीकडे प्रिंटर, उजवीकडे खोकी, मधे मी आणि वरच्या फळीवर आईचे डबे, कारण खोली पूर्णपणे सोडायला ती तयार नाही. डबा काढायला ती आली की मला खुर्चीसकट बाहेर यावं लागतं. याला ती "तुझ्या ऑफिसात येऊन गेले" म्हणते.

आता बटणं. एका वसतिगृहाने एकदम बारा मागितली आणि त्याच बनावटीच्या मशीनसाठी आणखी एकतीस घरांनी एकेक. ही बनावट माझ्याकडे नवीन होती, म्हणून दांडी मोजायला मेकॅनिकच्या दुकानात जायचं होतं. माझ्याकडे जाडी मोजायचा, आकडे दाखवणारा डिजिटल व्हर्निअर आहे, पण त्या दिवशी मी तुझा नेला. पदवी मिळाली तेव्हा तू दिलेला, निळ्या मखमलीच्या पेटीतला. खरं सांगायचं तर थाटासाठी नेला. हा मेकॅनिक मला 'बटणवाली' म्हणतो, आणि मला त्याच्या टेबलावर ती पेटी उघडायची होती. उघडली. तो म्हणाला, "अरे बापरे." मी शांतपणे जबडे मिटवून शून्य तपासलं. बरोबर होतं. मग दांडी धरली, पुस्तकात सांगितलंय तशी, जबड्यात खोल, पट्टीच्या जवळ, कारण टोकाशी धरलं तर माप चुकतं हे पहिल्या सहामाहीत शिकवतात. माप आलं पाच पॉइंट आठ. त्यात नेहमीची बारीक मोकळीक धरून छिद्र ठेवलं. एक बटण आधी बसवून पाहायला हवं होतं, मी प्रत्येक वेळी पाहते. या वेळी पाहिलं नाही. माप तुझ्या व्हर्निअरचं होतं, त्याची परीक्षा काय घ्यायची, असं वाटलं. (हा सातवा मुद्दा.)

मग पत्रं यायला लागली. म्हणजे निरोप, पण काही पत्राएवढे लांब. एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी सिद्ध केलं की बटण बसणं अशक्य आहे, आणि खाली आकृती काढली. एका बाईंनी लिहिलं, "ह्यांनी हातोडी घेतली. आता बटण बसलं आहे, आणि मशीनही बसलं आहे." कुणी दांडीला तेल लावलं, कुणी साबण. एका घरात सासूबाई म्हणाल्या की बटण बरोबर आहे, सून उलटं लावते आहे, आणि ते भांडण मिटवायला त्यांनी मलाच पंच नेमलं. वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाई कमी बोलतात. त्यांनी एवढंच लिहिलं, "बारापैकी बारा." दुकानाच्या पानावर माझ्या नावापुढे पाच तारे होते, ते तीन दिवसांत अडीच झाले. अर्धा तारा कसा दिसतो ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई दाराशी येऊन, डबा न मागता, "नोकरीचं पत्र कपाटात वरच ठेवलंय," एवढं बोलून गेली.

मी प्रिंटरचं तापमान तपासलं, प्लास्टिक आकसतं का पाहिलं, सगळी गणितं पुन्हा मांडली. चौथ्या दिवशी डिजिटल व्हर्निअर घेऊन मेकॅनिककडे गेले. दांडी सहा निघाली, पूर्ण सहा. मग मी तुझा व्हर्निअर मिटवून त्याच्या दारातल्या उजेडासमोर धरला. टोकं चिकटलेली होती. आत पट्टीच्या जवळ, बरोबर एका जागी, उजेडाची बारीक फट दिसत होती. दोन्ही जबड्यांत मिळून पॉइंट दोन मिलिमीटरचा खळगा. बोट फिरवलं तर नखाला कळतो. टोकं जुळतात म्हणून शून्य बरोबर येतं, आणि खळग्यात धरलेली वस्तू आहे त्याहून बारीक वाटते.

तो खळगा कसा पडला हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. तू बावीस वर्षं एकच पिन बनवलीस. सहा मिलिमीटरचीच. प्रत्येक पिन लेथवरून उतरली की तू मोजायचास, पहिली काही वर्षं पुस्तकातल्यासारखी खोल धरून, आणि जागा झिजल्यावर टोकाने, मनगटाला एक झटका देऊन. लहानपणी तुझ्या कारखान्याच्या दाराशी डबा घेऊन उभी असताना तो झटका मी पाहिला आहे. मला ती तुझी ऐट वाटायची. पेटी दिलीस तेव्हाही तू म्हणाला होतास, "टोकाने धर गं." मी मनात म्हटलं होतं, मामाला कुणी नीट शिकवलेलं नाही. ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाला सांगितलेली नाही.

त्याच आठवड्यात त्रेचाळीस नवी बटणं गेली. या वेळी एकेक बटण मेकॅनिककडच्या दांडीवर बसवून पाहिलं. (तो म्हणाला, "बटणवाली, माझी दांडी झिजेल." मी म्हटलं, झिजली तर तिचंही माप घेईन.) प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घातली: "आधीच्या बटणाचं छिद्र लहान होतं. दांडी सहाची, मी पाच पॉइंट आठ मोजली. चूक माझी, आणि ती कशी झाली तेही मला कळलं आहे." तारे आता पावणेपाच आहेत. मास्तरांनी नवी आकृती पाठवली आणि खाली 'सिद्ध' लिहिलं. हातोडीवाल्या बाईंनी नवीन मशीन घेतलं आणि त्याचंही बटण तुटलं की कळवते म्हणाल्या. व्यवस्थापक बाईंनी लिहिलं, "मापासकट माफी पहिल्यांदाच मिळाली," आणि त्यांच्या आणखी सहा वसतिगृहांतल्या मोडक्या वस्तूंची यादी पाठवली. यादीत बटणं आहेत, झाकणं आहेत, खुर्च्यांचे पाय आहेत, आणि एका वस्तूपुढे नुसतं "हे काय आहे ते पाहून सांगा" असं आहे.

साहेबांच्या ड्रॉइंग ऑफिसात मला इतरांच्या वस्तूंची ड्रॉइंग्ज काढावी लागतील. चांगली नोकरी आहे, मला कळतं. पण माझं ड्रॉइंग चुकलं तर तिथे ते वरच्या टेबलावर दुरुस्त होईल. इथे ते हातोडी घेतलेल्या माणसापर्यंत जातं. मला ते तसं जायला हवं आहे. याहून नीट मांडता येत नाही.

मामीला नमस्कार. आईने तुला विचारलंय.

तुझी भाची

ता. क. व्हर्निअर परत मागू नकोस. दुरुस्तही करणार नाही. टोकाने धरायला शिकते आहे. झटका अजून जमत नाही.

ता. क. दुसरा. मामीचा फोन आला होता. (तुला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं, म्हणून फक्त लिहिते आहे.) निवृत्त झाल्यापासून तू घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण फिरवून घट्ट बसतं का पाहतोस, आणि मागच्या आठवड्यात तिच्या चष्म्याची काडी 'तपासताना' मोडलीस. मला माल बाहेर जाण्याआधी तपासणारा माणूस हवा आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते एक. खिडकीजवळची खुर्ची, जिना नाही. चष्मा स्वतःचा आणावा. माझं बोलणं दुसऱ्या वाक्याला "थांब, थांब" करून तोडता येणार नाही. तू माझ्यासाठी नोकरी मिळवलीस, ती मी घेतली नाही. मी तुझ्यासाठी मिळवली आहे, ती तू घे.

ता. क. तिसरा. आई अजूनही मशीन पक्कडीनेच लावते. मी केलेलं पहिलं बटण तिने दांडीवरून काढून बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं आहे आणि येईल त्याला दाखवते. नोकरीचं पत्र वरच ठेवलं आहे म्हणाली होती ते हेच कपाट. पत्र बटणाखाली आहे.

साहेबांना माझं नकाराचं पत्र एकोणीस तारखेला जाईल. त्यात 'मी काम करते' लिहायचं की 'आम्ही काम करतो', एवढंच ठरायचं राहिलं आहे. तुझं उत्तर गुरुवार, अठरा तारखेपर्यंत कळव.