छाप बघून पास

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून रोज लिहायचं. लेखकाला शिस्त हवी. आणि मी कालपासून लेखक आहे. माझी ४१२ पानांची कादंबरी 'काटा स्थिर आहे' काल छापखान्यातून आली. स्वखर्चाने, तीनशे प्रती. सध्या बाल्कनीत आहेत. बायकोने विचारलं की आता कपडे कुठे वाळत घालायचे. लेखकाच्या घरात असले प्रश्न विचारत नाहीत.

संकल्प तीन. रोज एक पान लिहिणे. वर्षाच्या आत दुसरी आवृत्ती. कुणाकडूनही न फसणे. तिसरा उगीच लिहिला. एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. वजनाच्या बुडाला शिसं, शिशावर सरकारी छाप. छाप दिसली की मी वजन उचलूनसुद्धा बघत नसे. इतकी नजर तयार.

९ फेब्रुवारी
विक्री : एक. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी घेतली. काकू म्हणजे निवृत्त नर्स. कविता करतात. पहिला संग्रह काढायचाय, त्यासाठी चार वर्षं पेन्शनमधून थोडं थोडं बाजूला टाकतायत. कुठलाही कागद आला की आधी मला दाखवतात. साहेब, तुम्ही बघितलंत म्हणजे झालं, असं म्हणतात. माणसांची पारख आहे बाईंना.

रोज एक पानाचा संकल्प सोमवारपासून.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३.००
ईमेल! थेट परदेशातून! एका मोठ्या साहित्यिक एजंट बाईंचं. माझी कादंबरी वाचून त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या. नायकाच्या मृत्यूच्या प्रसंगी ढसाढसा रडल्या. पुस्तक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ठेवणार.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली की एकच प्रत विकली गेलीय आणि ती वर काकूंकडे आहे, मग या बाईंनी वाचली कुठली? शिवाय तुमचा नायक मरतो कुठे, तो तर शेवटी रिटायर होतो. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून राहून संशयी झालीय ती. प्रत्येक गोष्टीची एक्सपायरी बघते.

संध्याकाळी ७.१५
विचार केला. एजंट मॅडमचं बरोबर आहे. नायक आतून मरतोच. लिहिताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं. याला म्हणतात वाचक.

१७ फेब्रुवारी
मॅडमची फी आहे. अठ्ठेचाळीस तासांत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्या लेखकाला. बायको म्हणते की एजंट पुस्तक विकून त्यातला वाटा घेतो, लेखकाकडून आधी पैसे घेत नाही. हे तिला कुणी सांगितलं? वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी. त्या असंही म्हणाल्या की अशा लोकांना त्यांच्या दोन लेखकांचे फोन नंबर मागावेत आणि बोलून बघावं.

मागितले. मॅडम म्हणाल्या, गोपनीयता. किती रास्त! उद्या माझा नंबर कुणालाही दिलेला मला चालेल का?

तरी मी कच्च्या गुरूचा चेला नाही. म्हटलं, आधी अधिकृत प्रमाणपत्र पाठवा.

१८ फेब्रुवारी
प्रमाणपत्र आलं. गचाळ. अनुक्रमांक नाही, मुदत नाही, तारीख कोपऱ्यात कुठेतरी. शिक्का एकीकडे, सही तिसरीकडे. एकतीस वर्षांत असा कागद मी पास केला नाही. तीन पानी दुरुस्तीपत्र पाठवलं. सोबत पट्टीने आखून नमुनाही दिला. अनुक्रमांक वर उजवीकडे. मुदत ठळक. शिक्का सहीला खेटून, पण अक्षर न झाकता.

एका तासात सगळं दुरुस्त होऊन आलं! एकतीस वर्षांत एकाही दुकानदाराने एका तासात दुरुस्ती केली नव्हती. चोर असते तर इतकी मेहनत घेतली असती का? बायकोने फक्त कागदावरची मुदत वाचली. पटलं असावं.

फी भरली.

२६ फेब्रुवारी
प्रदर्शनातला फोटो आला. काचेचं दालन, लाल स्वेटर घातलेला एक पाठमोरा वाचक आणि समोरच्या फळीवर माझं पुस्तक! डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. आईवडील हवे होते.

बायकोने चष्मा पुसून पाहिलं. म्हणाली की चारशे पानांचं पुस्तक यात पासबुकाएवढं का दिसतंय? परदेशी कागद पातळ असतो, हे तिला कसं समजावणार.

१ मार्च
अनुवाद-नोंदणीची वेगळी फी. भरली. बायकोला नंतर सांगेन. योग्य वेळ बघून.

रोज एक पानाचं काम तूर्त थांबवलंय. पत्रव्यवहारातच दिवस जातो.

८ मार्च
ग्रंथपाल बाईंनी वाचनालयात कार्यक्रम ठेवला : 'नवलेखकांनो, फसवणूक ओळखा'. वक्ता म्हणून मीच नाव दिलं. त्या जरा घुटमळल्या, पण माझी नोकरी ऐकून तयार झाल्या.

अकरा माणसं आली. पहिल्या रांगेत काकू, वही घेऊन. मागे एक दंतवैद्य, त्यांनी रहस्यकथा लिहिलीय म्हणे. मी पाऊण तास बोललो. ग्रंथपाल बाई मध्येच म्हणाल्या की न मागता आलेली स्तुती, घाई आणि आगाऊ फी या तीन गोष्टी दिसल्या की सावध व्हावं. मी हसून म्हटलं की या ढोबळ खुणा झाल्या, खरी खूण कागदात असते. मग माझं प्रमाणपत्र मोठं करून भिंतीवर दाखवलं. अस्सल कागद कसा असतो त्याचा नमुना म्हणून. एकेक मुद्दा समजावला. काकूंनी सगळं उतरवून घेतलं.

टाळ्या चांगल्या पडल्या. घरी येऊन आरशासमोर पुन्हा एकदा बोलून पाहिलं. दुसऱ्यांदा जास्त रंगलं.

१५ मार्च
मॅडमचं उत्तर नाही. प्रदर्शनाच्या गडबडीत असतील.

१९ मार्च
फोन बंद. ईमेल परत आलं. परदेशात बहुधा सुट्ट्या आहेत. बायको म्हणाली की तुमच्या मॅडमची मुदत संपली. मी दुर्लक्ष केलं.

२३ मार्च, सकाळी ११.३०
ग्रंथपाल बाईंनी माझा प्रदर्शनातला फोटो घेऊन बोलावलं. दंतवैद्य आधीच बसले होते. त्यांनाही जानेवारीत तसाच फोटो आला होता. बाईंनी दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तेच दालन, तोच लाल स्वेटर, तीच फळी. माझ्या पुस्तकाच्या जागी दंतवैद्यांची रहस्यकथा.

मी म्हटलं की एकाच वाचकाला दोन्ही पुस्तकं आवडू शकतात. दंतवैद्यांनी मला पाणी दिलं.

दुपारी २.००
फसलो. लिहून बघितलं. अजून खरं वाटत नाही.

बायकोला दुसऱ्या फीसकट सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त सायबर तक्रारीचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सायंकाळी ५.००
जरा सावरलो. नुकसान माझं एकट्याचं, आणि मी खंबीर आहे. उलट यावर एक उत्तम पुस्तक होईल. 'मी कसा फसलो नाही' असं काहीतरी. पहिल्या प्रकरणाचा आराखडा सुरू.

२४ मार्च, सकाळी ९.२०
आराखडा बंद. जिन्यात काकू भेटल्या. खुशीत होत्या. म्हणाल्या की त्यांनाही एका एजंट बाईंचं ईमेल आलं होतं, कविता वाचून त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या म्हणे. काकूंनी परवाच पैसे भरले. संग्रहासाठी साठवलेले. सगळे.

मी तिथेच पायरीवर बसलो. काकूंना वाटलं मला चक्कर आली. नर्सच त्या, नाडी बघायला लागल्या.

२५ मार्च
कालचा दिवस तोंड लपवून काढला. आज बायकोने दार उघडून धरलं आणि म्हणाली की तुम्ही जाताय की मी जाऊ?

गेलो. सगळं सांगितलं. मॅडम, लाल स्वेटर, वाचनालयातलं भाषण, एकही गोष्ट लपवली नाही. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं. काकू उठून आत गेल्या आणि त्यांचं प्रमाणपत्र घेऊन आल्या.

म्हणाल्या की पैसे मागितले तेव्हा त्यांच्याही मनात पाल चुकचुकली होती. नाहीच म्हणणार होत्या. पण मग हा कागद आला. मुद्दे वहीत होतेच, म्हणून मला न दाखवता एकेकाशी ताडून पाहिला. अनुक्रमांक वर उजवीकडे. मुदत ठळक. शिक्का सहीला खेटून, एकही अक्षर झाकलेलं नाही. त्यांना वाटलं, इतकं नीट काम काही चोर करणार नाहीत.

बरोबर होतं त्यांचं. ते काम चोरांनी केलंच नव्हतं. मान खाली घालून तेवढंही सांगितलं.