तेहतीस पाती

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. सकाळी चहालाच अनघाने विषय काढला— जावयाला वाण द्यायचं. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, चुकवायचा नाही म्हणे. "कुठला जावई?" असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

चौदा महिने झाले, अनुया माझ्याशी बोलत नाही. न्यूझीलंडला शिकायला गेली आणि तिथल्या कॅलमशी लग्न ठरवलं. त्याचं काम काय, तर जंगलात सापळे लावायचे, पॉसम नावाची जनावरं मारायची, सोलून कातडी विकायची. मी फोनवर म्हणालो, "खाटकाशी लग्न करणार तू?" तिने फोन ठेवला तो ठेवलाच. लग्नाला अनघा एकटी गेली. मला ऑफिसची मीटिंग होती. छे! इथे तरी खोटं कशाला लिहू— नव्हती मीटिंग.

आईला दर रविवारी फोन करते. मी सोफ्यावर बसून अनघाची बाजू तेवढी ऐकतो.

आज अनघाने तिला विचारलं, वाणाला काय पाठवू? चांदीची वाटी वगैरे नको म्हणाली. सोलायची सुरी हवी, पाती बदलता येतात तसली. आणि पुढे म्हणे, "बाबांना निवडू दे. त्यांना कळतं त्यातलं."

बाबांना! मी उठून खिडकीशी गेलो. डोळ्यांत पाणी होतं, अनघाला दाखवायचं नव्हतं.

१९ मे, मंगळवार

तीस वर्षं मरीन इंजिनिअर. जहाजाच्या इंजिनचा पिस्टन उपसून काढलाय, पण सुरी हातात धरली ती फक्त काकडी कापायला. अंडंही न खाणारा माणूस मी!

व्हिडिओ लावला, सोलण्याचा. चाळीस सेकंदांत बंद केला.

२० मे, बुधवार

दोन मिनिटं.

२२ मे, शुक्रवार

आज पूर्ण पाहिला, जेवता जेवता. अनघा आपलं ताट घेऊन आत गेली.

पॉसमबद्दलही वाचलं. मांजराएवढा प्राणी, बाहेरून आणलेला. झाडं ओरबाडतो, पक्ष्यांची अंडी खातो. सरकारलाच तो नकोय. हे चौदा महिन्यांपूर्वी वाचता आलं असतं मला. कोणी अडवलं होतं?

२३ मे, शनिवार

साधी जाड पात्याची सुरी की बदलत्या पात्यांची— आठवडाभर हेच डोक्यात. साधी मजबूत, सांध्यावर जोर लावला तरी मोडत नाही. पण तीन-चार जनावरांत बोथट, मग थंडीपावसात दगडावर घासत बसा. दुसरीचं पातं ब्लेडसारखं पातळ. बोथट झालं की काढा, नवं लावा. सोललेलं कातडं फाटलं तर त्याला भाव नाही, म्हणजे धार सतत हवी. अनुया सांगते तेच बरोबर. माझी मुलगी आहे!

मूठ नारिंगी घेतली. पालापाचोळ्यात पडली तर दिसायला हवी ना. पातं सोडवायला बटण असलेलीच घेतली, गारठलेल्या बोटांनी ओढाताण नको. दोन मापं होती. कॅलम फोटोत सव्वासहा फुटी दिसतो, म्हणून मोठं माप. बाराबारा पात्यांची तीन पाकिटं. ऑर्डर टाकली.

२४ मे, रविवार

अनघा फोनवर बोलली. "हो, बाबा बघतायत," असं तिला सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२९ मे, शुक्रवार

सुरी आली. हातात घेतली, छान बसते. बटण जरा ढिलं आहे, पण चालेल इतकं. आता वापरून पाहिल्याशिवाय पाठवायची कशी? जहाजावर एक पंपसुद्धा टेस्ट न करता कधी बसवला नाही. पण टेस्ट कशावर? घरात तर अधिक चालू आहे!

१ जून, सोमवार

व्हेसाकची, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेची सुट्टी. सुरी बॅगेत घालून बुकित पंजांगला नंदूकडे गेलो. नंदू माझ्या जुन्या जहाजावरचा, मालवणचा. मासे आणि कोंबडी हाच त्याचा धर्म. LRT त, इथल्या छोट्या मेट्रोत, सुरीचं बिल हाताशी ठेवलं होतं, कोणी हटकलं तर दाखवायला. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मार्केटात कोंबडीवाल्या काकांनी विचारलं, "होल वन आह? डोन्ट वॉन्ट मी कट?" अख्खीच हवी, म्हणून मी मान हलवली. त्यांनी पिशवी हातात दिली. गार, मऊ, जड. आयुष्यात पहिल्यांदा.

नंदूच्या ओट्यावर सुरू केलं. पहिलं पातं सांध्यात घालून पिळलं— टक्! तुकडा उडून सिंकमध्ये. नंदू ओरडला, "अरे घासफूस्या, तो नट नाहीये! पिळतोस काय?" दुसरं बटण न दाबताच ओढलं, वाकडं झालं. आणि हे लिहिताना बोटाला पट्टी आहे. तिसऱ्याने मात्र जमलं! पातं न पिळता, नुसतं कातड्याखालून सरकवत न्यायचं. एका बाजूचं कातडं अख्खं निघालं, एक भोक नाही. नंदूने टाळी दिली. मग त्याने कोंबडी शिजवली आणि मला दहीभात वाढला.

शेवटी विचारलं त्याला, "अनुया बोलेल का रे माझ्याशी?" तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "तुला काम सांगितलं ना तिने? परक्याला कोण काम सांगतं?"

परतताना LRT त पाती मोजली. छत्तीसातली तीन गेली. उरली तेहतीस! अधिकाचं वाण तेहतिसाचंच द्यायचं असतं. तेहतीस अनारसे! हसू आवरेना. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

२ जून, मंगळवार

अनघाला सांगितलं. आधी कपाळाला हात. "वाणात लोखंड? आणि वस्तू जाळीदार लागते!" मी पातं दाखवलं, मधे अडकवायचं लांबट भोक आहे. "ही घे जाळी." पाहत राहिली आणि खो खो हसायला लागली. अनारसे तसेही पाठवता येणार नव्हते, तिकडे कस्टमवाले खाण्याचं अडवतात. आणि आम्ही राहतो त्या देशात खसखस आणायला बंदी, त्यामुळे ती तीळ लावून करते आणि दर वेळी हळहळते.

तांब्याचं छोटं ताम्हन, निरांजन, त्यात सुरी आणि पाती. खोक्याला कुंकवाचं बोट लावलं तिने.

मी एक कागद आत टाकला, कॅलमसाठी इंग्रजीत. पातं कसं बदलायचं, बटण आधी, पिळायचं नाही. पाच ओळी. खाली मराठीत अनुयासाठी काहीतरी लिहायचं होतं. चार कागद फाडले. शेवटी "चुकलो. —बाबा" एवढंच लिहिलं आणि चिकटपट्टी लावून टाकली, विचार बदलायच्या आत.

७ जून, रविवार

खोकं अजून ऑकलंडमध्ये अडकलंय. दिवसातून सहादा ट्रॅकिंग बघतो.

११ जून, गुरुवार

पोचलं! कोणीतरी सही करून घेतलंय.

१४ जून, रविवार

अनुयाचा फोन आला, अनघाला. "मिळालं" म्हणाली. बस्स. माझ्याबद्दल काही नाही. मी पेपरचं एकच पान अर्धा तास वाचत होतो. तरी मिळालं म्हणजे कागदही मिळालाच असेल. वाट बघू.

१५ जून, सोमवार

अधिक संपला. दुपारी ऑफिसात फोन वाजला. अनुया. माझ्या फोनवर!

"बाबा, सुरी मस्त आहे. पण मूठ मोठी होते मला."

मला?

फेब्रुवारीत कॅलमचा खांदा निखळला. तेव्हापासून सापळेही तीच लावते, सोलतेही तीच. दिवसाला वीस-वीस, थंडीत. घरी येऊन अनघाला विचारलं, तुला माहीत होतं? "होतं," म्हणाली. "तुम्ही विचारलंत कधी?"

फोनवरच मी अनुयाला म्हणालो होतो, हाताचं माप पाठव, लहान मूठ पाठवतो. ती म्हणाली, "माप घ्यायला तूच ये ना, बाबा."

अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढलं.